मुलाच्या सायनसमध्ये ‘फंगस’ निघालाय आणि डोळा पुढे आलाय: ही काळी बुरशी आहे का?

प्रश्न असा आहे. बार्शीकडच्या एका ताईंचा मुलगा १९ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून त्याची उजवी नाकपुडी चोंदलेली असते, वास जवळजवळ गेलाय, आणि अधूनमधून नाकातून मातकट-हिरवे, रबरासारखे चिवट तुकडे पडतात. गेल्या तीन महिन्यांत उजवा डोळा थोडा पुढे आल्यासारखा दिसतो. बारावीच्या ओळखपत्रावरचा फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी ठेवल्यावर घरच्यांच्या ते लक्षात आलं. दुखत काही नाही, ताप नाही, साखर नॉर्मल. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘फंगल सायनुसायटिस?’ आणि त्याखाली ‘ट्यूमर?’ अशी दोन प्रश्नचिन्हं आहेत. एका डॉक्टरांनी बुरशीवरच्या गोळ्या लिहून दिल्या, दुसऱ्यांनी दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं, तिसरे म्हणाले ही ॲलर्जी आहे, स्टिरॉइड घ्या. त्यांचे दीर २०२१ मध्ये काळ्या बुरशीने गेले. त्या विचारतात: ही तीच बुरशी का? तिघांपैकी कोणाचं ऐकायचं? आणि घरातली गुरं, कडबा यांच्यामुळे हे झालं का?

ताई, आधी भीतीचं बोलू. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ही काळी बुरशी वाटत नाही. तो आजार दोन वर्षं थांबत नाही. तो रक्तवाहिन्यांत शिरतो, त्या बंद पाडतो, रक्त न पोचलेला भाग मरतो आणि काळा पडतो, आणि हे सगळं दिवसांत होतं, कधी तासांत. गाल बधिर होतो, दुखणं सहन होत नाही, टाळूवर किंवा नाकात काळा चट्टा दिसतो. २०२१ च्या त्या उन्हाळ्यात कोविड, बेसुमार वाढलेली साखर आणि स्टिरॉइड हे तिन्ही एकत्र आले आणि महाराष्ट्रात घरोघरी हा शब्द पोचला. तुमच्या घराने तर त्याची किंमत मोजली आहे. त्यामुळे ‘फंगस’ हा शब्द वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल, तर त्यात काही चूक नाही. पण सायनसमधल्या, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमधल्या बुरशीचे आजार चार-पाच प्रकारचे आहेत, आणि त्यातले दोन तर एकमेकांच्या अगदी उलट स्वभावाचे आहेत. एकात शरीराची प्रतिकारशक्ती खचलेली असते आणि बुरशी आत घुसते. दुसऱ्यात प्रतिकारशक्ती नको इतकी खवळलेली असते आणि बुरशी बाहेरच, शेंबडात पडून असते. तुमच्या मुलाचं वर्णन या दुसऱ्या प्रकाराशी जुळतं. त्याला ॲलर्जिक फंगल सायनुसायटिस म्हणतात. ‘जुळतं’ असंच म्हणतोय. पक्कं कशाने होईल ते पुढे येईलच.

त्याआधी आजच्या आज एक करा. मुलाला एक डोळा झाकून वर्तमानपत्र वाचायला लावा, मग दुसरा झाकून. नंतर काहीतरी लालभडक दाखवा, कुंकवाचा करंडा चालेल, आणि दोन्ही डोळ्यांना तो लाल सारखाच दिसतो का विचारा. उजव्या डोळ्याला लाल फिका, विटकरी वाटत असेल, किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर डोळ्याच्या नसेवर दाब येत असू शकतो. मग बाकी काही न वाचता उद्या सकाळी नेत्रतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ दोघांकडे जा. दाबामुळे कमी झालेली नजर वेळेत दाब काढला तर परत येऊ शकते, उशीर झाला तर येत नाही.

आता आजार समजून घेऊ. हवेत बुरशीचे बीजाणू असतातच. कडब्याच्या गंजीत, ओल आलेल्या भिंतीत, मळणीच्या धुळीत, जुन्या वह्यांत. आपण सगळेच ते रोज श्वासातून घेतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी फार काटेकोर पद्धतीने नाकातला शेंबूड तपासला, तेव्हा त्यांना निरोगी माणसांच्या नाकातही बुरशी सापडली, अगदी प्रत्येकाच्या. म्हणजे नाकात बुरशी ‘असणं’ हा आजारच नाही. ज्यांच्या शरीराचा कल ॲलर्जीकडे आहे, त्यांच्यापैकी काहींचं शरीर या बीजाणूंना मोठा शत्रू समजतं. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींच्या झुंडी तिथे येतात, फुटतात, त्यांच्यातली दाहक द्रव्यं बाहेर पडतात. अस्तर सुजतं आणि द्राक्षाच्या मण्यांसारखे पॉलिप लोंबायला लागतात. आपल्याकडे याला ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणतात. पॉलिपमुळे सायनसचं दार बंद होतं, आतला शेंबूड साचतो, त्यात बुरशीला घर मिळतं, बुरशी थोडी वाढली की ॲलर्जी आणखी खवळते. हे चक्र वर्षानुवर्षं फिरत राहतं. साचलेला शेंबूड घट्ट होत होत बैलगाडीच्या आसाला लावतात त्या वंगणासारखा होतो. आम्ही त्याला म्युसिन म्हणतो. हा म्युसिन जागा मागतो. तो हाड कुरतडत नाही, पण सतत दाबून दाबून पातळ करतो, जसं झाडाचं मूळ भिंतीला सरकवतं तसं. डोळा आणि सायनस यांच्यामधलं हाड मुळातच कागदासारखं पातळ असतं. ते बाहेर ढकललं गेलं की डोळा पुढे आणि बाहेरच्या बाजूला सरकतो. दुखत मात्र नाही, कारण हे फार सावकाश होतं. तरुण, बाकी धडधाकट मूल, एका बाजूला जास्त बंद नाक आणि न दुखता पुढे आलेला डोळा: ओपीडीत हे चित्र समोर आलं की माझ्या मनात पहिलं नाव हेच येतं.

या आजाराची ओळख फार जुनी नाही, आणि ती कशी पटली हे सांगण्यासारखं आहे. फुप्फुसात बुरशीची अशीच ॲलर्जी होते, ती आधीपासून माहीत होती. १९७६ मध्ये सॅफरस्टीन नावाच्या डॉक्टरांनी एका रुग्णात नाकातले पॉलिप, खपल्या आणि अ‍ॅस्परजिलस बुरशी पाहून हे फुप्फुसातल्या आजारासारखंच आहे असं लिहिलं. मग १९८३ मध्ये पॅथॉलॉजिस्ट कॅट्झनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायनसच्या ऑपरेशनचे जुने ११९ नमुने पुन्हा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यातल्या ७ मध्ये तो विशिष्ट म्युसिन सापडला. ही ७ माणसं ऑपरेशन होऊन घरी गेली होती, त्यांचा आजार काय हे कोणाला कळलं नव्हतं, आणि पुरावा मात्र साठवलेल्या नमुन्यांत पडून होता. ही गोष्ट मी आमच्या निवासी डॉक्टरांना दरवर्षी सांगतो, कारण आजही नेमकं तेच होतं. पॉलिप तपासणीला जातात आणि म्युसिन सक्शनच्या बाटलीत जाऊन गटारात जातो.

माझ्याही हातून हे झालंय. सुरुवातीच्या वर्षांत, तेव्हा मी काम करत होतो त्या रुग्णालयात, २२ वर्षांच्या एका मुलाचं ऑपरेशन केलं. सायनस काठोकाठ भरलेले होते. मी नेटाने सगळं ओढून काढलं, पोकळ्या स्वच्छ केल्या, पॉलिपचे तुकडे बायोप्सीला दिले. रिपोर्ट आला ‘सूज आलेले पॉलिप’. मी समाधानाने त्याला घरी पाठवलं, पुढचं औषध फक्त नाकातला स्प्रे. सव्वा वर्षाने तो तसाच भरून परत आला. दुसऱ्या वेळी म्युसिन वेगळा पाठवला आणि तीन दिवसांत उत्तर मिळालं. ते उत्तर पहिल्या वेळीच माझ्या सक्शनच्या नळीत होतं. त्या मुलाचं एक वर्ष आणि एक ऑपरेशन मी वाया घालवलं, हे मला अजून बोचतं.

तपासण्यांकडे वळू. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या बेंट आणि कून या डॉक्टरांनी आपल्या १५ रुग्णांच्या नोंदींवरून निदानाचे पाच निकष मांडले. आजही जगभर तेच धरून चालतात: बुरशीची खरी ॲलर्जी असल्याचा पुरावा, नाकात पॉलिप, सीटी स्कॅनवरचं ठरावीक चित्र, इओसिनोफिलने भरलेला म्युसिन पण ऊतीत न शिरलेली बुरशी, आणि त्या म्युसिनमध्ये खास रंगकामाने दिसलेली बुरशी. तुमच्याकडे आज यातला सीटी आहे आणि बहुधा पॉलिप आहेत. बाकीचं गोळा करायचं आहे. एकट्या सीटीवर कोणी ठामपणे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत असेल तर तो घाई करतोय.

सीटीचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच जास्त गफलती होतात. या म्युसिनमध्ये पाणी कमी आणि प्रथिनं फार, शिवाय बुरशीने साठवलेलं लोह, मँगनीज, कॅल्शियम असतं. त्यामुळे सीटीत भरलेल्या सायनसच्या राखाडी रंगात मध्येच पांढुरके, ढगाळ पट्टे दिसतात. पण ते दिसण्यासाठी चित्र योग्य ‘विंडो’त, म्हणजे उजेड-अंधाराच्या योग्य मांडणीत पाहावं लागतं. सायनसचा सीटी बहुतेक वेळा हाडांच्या विंडोत छापून देतात; त्यात हाडं सुरेख दिसतात आणि हे पट्टे पुसून जातात. म्हणून छापलेली फिल्म पुरेशी नाही, सीडी मागून घ्या आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना तीच द्या. तुमच्या रिपोर्टात ‘हायपरडेन्स’ (म्हणजे हेच पांढुरके, दाट भाग) असा शब्द कुठे आहे का पाहा. असेल तर तो या आजाराच्या बाजूने मोठा पुरावा आहे. ट्यूमर सहसा असा पट्ट्यापट्ट्यांचा दिसत नाही, आणि तो हाड ढकलण्याऐवजी खातो.

आता एमआरआय. डोळा पुढे आलाय आणि रिपोर्टवर ट्यूमरचं प्रश्नचिन्ह आहे, म्हणून तुमच्या मुलाचा एमआरआय मी करून घेईन, कॉन्ट्रास्टसकट, म्हणजे शिरेतून औषध देऊन. मेंदूचं आवरण आणि डोळ्याभोवतीचं आवरण शाबूत आहे का, हे तोच सांगतो. पण त्यात एक मोठा सापळा आहे. टी-२ नावाच्या चित्रात हा घट्ट म्युसिन काळाकुट्ट दिसतो. हवाही काळीच दिसते. नुसता एमआरआय पाहिला तर गच्च भरलेला सायनस मोकळा, निरोगी वाटू शकतो. डोकेदुखीसाठी मेंदूचा एमआरआय केलेला, त्यात ‘सायनस नॉर्मल’ लिहिलेलं, आणि सीटीत तोच सायनस ठासून भरलेला, असे रुग्ण मी पाहिले आहेत. सीटीत पांढुरका आणि एमआरआयच्या टी-२ मध्ये काळा, आणि काठाला सुजलेल्या अस्तराची उजळ कडा: ही जोडी जमली की माझा संशय जवळजवळ खात्रीकडे जातो. दोन्ही स्कॅन एकाच रेडिओलॉजिस्टने शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, एवढा आग्रह धरा.

रक्ताच्या तपासण्या स्वस्त आहेत पण क्रम महत्त्वाचा. स्टिरॉइड सुरू करण्याआधी रक्त द्या. स्टिरॉइडने इओसिनोफिल एक-दोन दिवसांत खाली जातात आणि मग आकडा फसवतो. एकूण आयजीई करा; हे ॲलर्जीत वाढणारं रक्तातलं प्रथिन. या आजारात तो बऱ्याचदा काही शेकड्यांत, कधी १,००० च्याही वर असतो. मात्र नुसत्या मोठ्या आयजीईने हुरळून जायचं नाही. आपल्या गावांकडे पोटातल्या जंतांमुळेही तो चढतो, दम्यात आणि अंगावरच्या एक्झिमातही चढतो. म्हणून अ‍ॅस्परजिलसविरुद्धचा वेगळा आयजीई किंवा त्वचेवरची ॲलर्जी टेस्ट हवी. त्वचेची टेस्ट करायची असेल तर सर्दीच्या, ॲलर्जीच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागतात. तपासणी केंद्रात हे बऱ्याचदा सांगतच नाहीत आणि ‘सगळं निगेटिव्ह’ असा कागद हातात पडतो.

छातीचा एक्स-रेही काढा, आणि मुलाला धाप, खोकला, रात्री शिट्टीसारखा आवाज असं काही होतं का ते डॉक्टरांना सांगा. हीच ॲलर्जी फुप्फुसात असेल तर तिला एबीपीए म्हणतात. आपल्या देशात एबीपीएच्या कित्येक रुग्णांना एक्स-रेवरचे डाग पाहून टीबीची औषधं सुरू होतात आणि महिनोन्‌महिने चालतात. नाकाच्या निमित्ताने फुप्फुसाचं निदान झालं, असं मी बऱ्याचदा अनुभवलंय.

आता एका गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण परदेशी माहिती वाचून आपली फसगत होऊ शकते. अमेरिकेत या आजारात बायपोलारिस, कर्व्ह्युलारिया अशा गडद रंगाच्या बुरश्या जास्त सापडतात. भारतात मुख्यतः अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस सापडते. आणि हीच अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आपल्याकडे, पाकिस्तानात आणि सुदानमध्ये आणखी एक आजार करते: ग्रॅन्युलोमॅटस इन्व्हेसिव्ह फंगल सायनुसायटिस, म्हणजे गाठी करत आत शिरणारी बुरशी. तोही धडधाकट माणसांत, तोही सावकाश, तोही डोळा पुढे आणणारा. पण त्यात बुरशी खरोखर मांसात शिरलेली असते आणि बुरशीविरोधी औषधं महिनोन्‌महिने द्यावी लागतात. तिथे नुसतं स्टिरॉइड दिलं तर आगीत तेल. २००९ मध्ये चंडीगडच्या पीजीआयचे अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सायनसच्या बुरशीच्या आजारांची जी वर्गवारी प्रसिद्ध केली, त्यात हा प्रकार स्वतंत्र ठेवला आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला खरी फारकत करायची आहे ती या आजाराशी. काळी बुरशी या यादीत बरीच खाली आहे. ही फारकत स्कॅन पूर्ण करू शकत नाही. ती ऑपरेशनमध्ये काढलेल्या नमुन्यांवरच होते.

म्हणून ऑपरेशन ठरेल तेव्हा आदल्या दिवशी डॉक्टरांना नम्रपणे विचारा: म्युसिन वेगळा पाठवणार ना? चांगला डॉक्टर रागावणार नाही. आमच्याकडे मी असं करतो. पॉलिप काढून सायनसचं दार उघडलं आणि तो वंगणासारखा माल दिसला की मोठा सक्शन बाजूला ठेवतो, चिमट्याने किंवा क्युरेटने (खरवडायच्या छोट्या चमच्याने) तो शक्य तेवढा अखंड काढतो. त्याचा एक भाग सलाईनच्या निर्जंतुक बाटलीत, फॉर्मेलिन (नमुना टिकवणारं, पण बुरशी मारणारं रसायन) न घालता. तो केओएच तपासणी (बुरशी लगेच पाहण्याची साधी चाचणी) आणि कल्चरसाठी, म्हणजे बुरशी उगवून पाहण्यासाठी, सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे. दुसरा भाग फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला. आणि सायनसच्या अस्तराचा तुकडा, शक्य असेल तर थोडं हाड, वेगळ्या बाटलीत, कारण बुरशी अस्तरात शिरलीय का हे म्युसिन सांगू शकत नाही. सगळा माल फॉर्मेलिनमध्ये बुडवला तर कल्चर कायमचं गेलं. फॉर्मवर ‘पॉलिप’ एवढंच लिहिलं तर पॅथॉलॉजिस्ट पॉलिपच पाहणार. ‘ॲलर्जिक फंगलची शंका, म्युसिन पाहावा, बुरशीचं खास रंगकाम करावं, अस्तरात शिरकाव आहे का ते लिहावं’ असं स्पष्ट लिहावं लागतं. नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगकामात बुरशीचे तुरळक धागे हरवून जातात. जीएमएस नावाच्या चांदीच्या रंगकामात ते काळे होऊन उठून दिसतात.

हा म्युसिन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखा असतो. इओसिनोफिलच्या पेशींचे थरावर थर, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे, म्हणजे खवळण्याच्या एकेका लाटेचा एकेक थर. त्यांच्यामध्ये दोन्ही टोकांना निमुळते, चमकदार स्फटिक. त्यांना शार्को-लायडन स्फटिक म्हणतात. शार्को यांनी ते १८५३ मध्ये पाहिले आणि लायडन यांनी १८७२ मध्ये दमेकऱ्यांच्या थुंकीत. इओसिनोफिल फुटल्यावर त्यांच्यातलंच एक प्रथिन असं स्फटिक बनून साचतं. ते दिसले की तिथे ॲलर्जीची लढाई झालीय हे नक्की. बुरशीचे धागे मात्र थोडेच असतात, शोधून काढावे लागतात.

कल्चरवर फार विसंबू नका. उगवायला कित्येक आठवडे लागू शकतात, काही खऱ्या रुग्णांत काहीच उगवत नाही, आणि उलट निरोगी नाकातूनही बुरशी उगवते हे वर सांगितलंच. निर्णय पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर होतो.

तिघा डॉक्टरांचं. तिघांच्याही हाती खऱ्याचा एकेक तुकडा आहे, म्हणून कोणालाच वाईट म्हणू नका. पण नुसत्या बुरशीच्या गोळ्यांनी हा आजार जात नाही. औषध रक्तातून जातं, आणि साचलेल्या म्युसिनमध्ये रक्तवाहिनी नसते; यकृतावर ताण पडतो तो वेगळाच. वारंवार उलटणाऱ्या काही रुग्णांत इट्राकोनाझोल हे बुरशीचं औषध मी वापरतो, पण ते नंतरचं. आणि ते स्टिरॉइडसोबत देताना जपावं लागतं, कारण ते शरीरातल्या काही स्टिरॉइडचं प्रमाण वाढवून ठेवतं. नुसत्या स्टिरॉइडने पंधरा दिवस फार बरं वाटेल, वासही येईल, आणि मग सगळं परत. त्यात निदान पक्कं व्हायच्या आधी ते दिलं तर इओसिनोफिल दबतात, पुरावा पुसट होतो, आणि आजार शिरकाव करणारा निघाला तर मुलाचं नुकसान होतं. तुमच्या मुलाचा डोळा सरकलेला आहे, म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सल्ला मला पटतो, एमआरआय आणि नजरेची तपासणी झाल्यावर. ऑपरेशनच्या आधी काही दिवस स्टिरॉइड देऊन पॉलिप आकसवण्याची पद्धत आहे आणि ती उपयोगीही आहे, पण स्कॅनमध्ये शिरकावाची शंका नसेल तरच.

ऑपरेशन म्हणजे उपचाराची सुरुवात आहे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. सगळ्या पोकळ्या उघडून, कोपरा न कोपरा रिकामा करून, नंतर काही आठवडे तोंडाने स्टिरॉइड कमी कमी करत न्यायचं. पुढे सलाईनने नाक धुणं, त्यात नेब्युलायझरसाठी मिळतं ते बुडेसोनाइड हे स्टिरॉइड मिसळून, हे महिनोन्‌महिने. पाणी उकळून गार केलेलंच घ्या. विहिरीचं, बोअरचं पाणी तसंच नाकात घालू नका, त्यात मेंदूपर्यंत जाणारा अमिबा असू शकतो. हा आजार उलटतो. ज्यांनी धुणं आणि दुर्बिणीची तपासणी सोडली, त्यांचा फार लवकर. मी पहिलं वर्ष दर दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीने पाहतो आणि आयजीईचा आकडा रुग्णाच्याच वहीत लिहितो. तो हळूहळू उतरत असेल तर चांगलं, पुन्हा चढायला लागला तर लक्षणांच्या आधी सावध होता येतं. तरीही सारखंच उलटत राहिलं तर आता ॲलर्जीची साखळी रोखणारी जैविक (बायोलॉजिक) इंजेक्शनं आहेत, महाग आहेत, आणि तो विचार आज करायचा नाही.

एक चौकशी अजून करायला हवी होती. मुलाला लहानपणापासून सर्दी, शिंका, दमा आहे का, घरात कोणाला आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर ॲलर्जीची बाजू भक्कम होते. काहीच नसेल आणि आयजीईही साधा आला, तर मी माझं मत बदलायला तयार आहे. मग दुर्बिणीखाली छोटी बायोप्सी आधी घेऊन ट्यूमर आणि शिरकाव दोन्ही तपासेन, मोठं ऑपरेशन नंतर. पुढच्या भेटीत सीडी, जुने कागद, आणि नाकातून पडलेला एखादा तुकडा स्वच्छ बाटलीत थोड्या सलाईनमध्ये घेऊन जा. तो तुकडा टाकून देऊ नका. कधीकधी त्या एवढ्याशा तुकड्यात स्फटिक आणि बुरशी दोन्ही मिळतात आणि ऑपरेशनच्या आधीच दिशा कळते.

गुरं आणि कडबा. ताई, गुरं विकू नका आणि स्वतःला दोष देऊ नका. त्याच गोठ्यात, त्याच धुळीत तुम्ही सगळे राहता आणि आजार एकालाच झाला, कारण त्याच्या शरीराचा स्वभाव तसा आहे. सोयाबीनच्या, ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत त्याला खळ्यावर पाठवू नका. जावंच लागलं तर चांगला एन-९५ मास्क लावून, आणि घरी आल्यावर नाक धुऊन. तो झोपतो त्या खोलीत भिंतीला ओल असेल तर पावसाळ्याआधी ती दुरुस्त करून घ्या, आणि त्याच्या खाटेखाली धान्याची पोती ठेवली असतील तर ती दुसऱ्या खोलीत हलवा.